मागे राहिलेली बट

मी बोलतोय. कोण, ते ओळखायला जाऊ नका, कारण तुम्ही चुकीचंच नाव घ्याल. आजवर मला लोकांनी शेवंती म्हटलंय, झेंडू म्हटलंय, आणि एका गृहस्थाने तर अर्ध्या तोंडाला साबण फासलेला असताना मला ‘छोटं सूर्यफूल’ म्हणून टाकलं. त्याला आरशात स्वतःचं तोंडही धड दिसत नव्हतं, त्यामुळे मी मनावर घेतलं नाही.

माझं नाव युरिऑप्स. रानटी आफ्रिकन डेझीच्या गोतावळ्यातला मी. आमचं मूळ घर म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाचे खडकाळ उतार. तिथे मातीपेक्षा दगड जास्त आणि डोक्यावर भरपूर ऊन. माझ्या पूर्वजांना कधी कुणी बाटलीने पाणी घातलं नाही, कुणी त्यांच्याशी लाडे लाडे बोललं नाही, आणि तरी ते कमरेइतके वाढून महिनोन्‌महिने पिवळेधमक फुलत राहिले. राखाडी-हिरवी, पिसासारखी कातरलेली पानं, वीतभर लांब देठ आणि त्यावर एकेक पिवळं फूल. ही बढाई आहे, पण खरी आहे.

मी स्वतः मात्र तो डोंगर पाहिलेला नाही. मी जन्मलो एका नर्सरीत, एका काडीतून. नर्सरीवाली बाई ही मला त्यातल्या त्यात सहन झालेली व्यक्ती. तिने एका जुन्या झुडपाची कोवळी काडी मोडली, खालची पानं ओरबाडली, ओल्या वाळूत खोचली आणि ती आपल्या कामाला निघून गेली. तीन आठवडे तिने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तेवढ्यात मला मुळं फुटली. माणसांनी आमच्यासाठी करण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे दुसरीकडे बघणं, हे तिला ठाऊक होतं.

बाकीच्यांबद्दल काय सांगावं? नर्सरीत येणारं गिऱ्हाईक आधी फुलाला नाक लावायचं, वास नाही म्हणून नाक मुरडायचं, आणि मग माझ्यासमोर उभं राहून विचारायचं, “हे मरणार नाही ना?” त्यांच्या घरी जन्मलेल्या पोराच्या पाळण्यापाशी जाऊन कुणी असं विचारलं असतं, तर चाललं असतं का त्यांना?

मला विकत घेतलं ते एका सलूनवालीने. वय पस्तिशीच्या आसपास, बोटांना पावडरचा वास, आणि कान व खांद्याच्या मध्ये फोन दाबलेला. पलीकडे रंगारी होता.

“याला ऊन भरपूर लागतं,” नर्सरीवाली म्हणाली. “दारात ठेवा. आत नको.”

“अहो, दुसरा हात कधी देणार तुम्ही? उद्या दुकान उघडायचंय मला.” हे रंगाऱ्याला.

“माती सुकली की मगच पाणी. फुलं सुकली की छाटत राहा. पण खालच्या जुन्या, उघड्या लाकडाला कात्री लावू नका. तिथून परत फूट येत नाही.”

“निळा नको, सांगितलं ना तुम्हाला. पांढराच.”

मग फोन बंद झाला. सलूनवालीने नर्सरीवालीकडे वळून विचारलं, “हां, काय म्हणत होतात?”

नर्सरीवाली एकच गोष्ट दोनदा सांगणाऱ्यांतली नव्हती. “मेलंच, तर काडी मोडून वाळूत खोचा,” ती म्हणाली. “लागते.”

एवढ्या सूचनांपैकी एकच पोचली, आणि तीही मी मेल्यानंतरची. माझ्या नव्या आयुष्याची ही सुरुवात.

दुकान लहान होतं. दोन खुर्च्या, दोन मोठे आरसे, मागे वाट बघणाऱ्यांसाठी एक लांब बाक. दाराबाहेर दोन पायऱ्या, आणि त्या पायऱ्यांवर सकाळपासून दुपारपर्यंत लख्ख ऊन. गाडीतून उतरवताना मी ते ऊन पाहिलं आणि मनात म्हटलं, चला, चालेल. सलूनवालीने मला उचललं, ते ऊन ओलांडलं, आणि आत दोन आरशांच्या मध्ये ट्यूबलाइटखाली नेऊन ठेवलं. मग दोन पावलं मागे सरून तिने मान तिरकी केली आणि म्हणाली, “छान दिसतंय.” छान दिसलं की त्यांना बाकी काही विचारायचं उरत नाही.

या दुकानात आधी काय घडलं होतं, ते मला पहिल्या आठवड्यातच कळलं. सलूनमध्ये राहणाऱ्याला कुणाला काही विचारावं लागत नाही. माणसाच्या गळ्याभोवती कापड बांधलं की त्याचं तोंड आपोआप सुटतं.

दुकान सलूनवालीच्या बापाचं. पहिल्या खुर्चीमागे म्हातारा चाळीस वर्षं उभा होता. मुलगी त्याच्या हाताखाली शिकली आणि सहा वर्षं दुसऱ्या खुर्चीवर काम करत होती. मी यायच्या महिनाभर आधी, म्हाताऱ्याच्या खुर्चीत एक विमावाला बसला होता. म्हातारा वस्तऱ्याने त्याचे कल्ले सरळ करत होता आणि हा फोनवर कुणाला तरी भविष्याची काळजी विकत होता. कुणीतरी काचेबाहेरून हात केला म्हणून त्याने वस्तऱ्याखालचं डोकं गर्रकन वळवलं. कानाला कापलं. जखम तांदळाच्या दाण्याएवढी, पण विमावाल्याने त्या कानाला टॉवेल लावून रस्त्याची दोन्ही टोकं गाठली. अपघात कसा रंगवावा हे त्या लोकांना शिकवावं लागत नाही.

त्यातच म्हाताऱ्याचा हात त्या सुमारास थरथरायला लागला होता. काम नसलं की मांडीवर ठेवलेला उजवा हात आपला हलत राहायचा. लोकांनी कानाची सांगड हाताशी घातली. म्हाताऱ्याचा हात गेला, असं सगळीकडे झालं. गिऱ्हाईक तुटलं. दोन आठवडे दोन्ही खुर्च्या रिकाम्या. मग मुलीने बापाची कात्री आणि वस्तरा ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं, किल्ली आपल्या ॲप्रनच्या खिशात टाकली, भिंतींना पांढरा रंग दिला आणि मला आणलं. माझं काम काय, तर झालं गेलं लोकांनी विसरावं म्हणून फुललेलं दिसणं.

म्हातारा बाकावर आला. चाळीस वर्षं ज्या बाकाकडे बघून तो “बसा, झालंच” म्हणत होता, त्याच बाकावर तो वर्तमानपत्र घेऊन बसायचा. त्याच्या हातात ते सारखं फडफडायचं, आणि खुर्चीतलं गिऱ्हाईक आरशातून त्या फडफडीकडे बघायचं. मुलीलाही ते दिसायचं. ती केस कापायचं मशीन चालू करायची, त्याच्या घरघरीत फडफड बुडावी म्हणून.

आता माझे हाल ऐका. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या केसांवर फवारा मारून झाला की मुलगी हात वळवून दोन फवारे माझ्यावर मारायची. दिवसाला पंधरा गिऱ्हाइकं धरली तर माझी तीस वेळा अंघोळ. माझी पानं उन्हात तापायला बनलेली, आणि ती ट्यूबलाइटखाली ओली चिंब होऊन लोंबत होती. खालची पानं पिवळी पडली. माणसाला काही कोमेजलेलं दिसलं की एकच उपचार सुचतो. तिने पाणी वाढवलं.

आणि केस. ते तर सांगायलाच हवं. कुणीतरी तिला सांगितलं की केसांचं खत उत्तम होतं. झालं. दुपारी झाडलेल्या केसांतली मूठभर माझ्या कुंडीत. रोज. काळे, पांढरे, मेंदी लावलेले, तेल लावलेले, कोंडा असलेले. दोन महिन्यांत माझ्या मुळांवर घोंगडीसारखा जाड थर साचला. खाली पाणी तुंबलं, मुळांचा श्वास कोंडला. केसाने गळा कापणं हे माणसं एकमेकांना नुसती म्हणतात. माझा या लोकांनी खरोखर कापायला घेतला होता, आणि वर खत घातल्याचं समाधान.

विमावाला येतच होता, अर्थात आता मुलीच्या खुर्चीत. उरलेला चहा तो माझ्या कुंडीत ओतायचा आणि म्हणायचा, “घे बाबा, तूही घे.” त्याच्या कानामागे काही खूण राहिलीय का हे मी बारकाईने पाहिलं. नव्हती.

एक गंमत मात्र मी रोज बघायचो. केस कापून झाले की मुलगी हातातला आरसा गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे धरायची, मागची बाजू दाखवायला. प्रत्येक जण क्षणभर बघायचा आणि मान हलवायचा. एकाने कधी “नाही, नीट झालं नाही” म्हटलेलं मी ऐकलं नाही. तिथे काय दिसलं हे त्यांतल्या एकालाही सांगता आलं नसतं. आपली मागची बाजू बघायला मिळते तेव्हाही ही जात नुसती मान हलवते.

दुपारी एक ते दोन मुलगी घरी जेवायला जायची. दुकानाचं दार अर्धं लोटलेलं, म्हातारा एकटा, त्याचा डबा बाकावर. अशाच एका दुपारी तो डबा झाकून उठला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. माझी सुकलेली फुलं देठांवर काळी पडून लटकत होती. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “वाढलेत फार.”

त्याला झाडांतलं ओ की ठो कळत नव्हतं, हे आधीच सांगतो. त्याला डोकी कळत होती. त्याने टॉवेलांचं कपाट उघडलं आणि सगळ्यांत खालून एक जुनी कात्री काढली. मुलगी लहानपणी जिच्यावर शिकली, ती. ड्रॉवरच्या कुलपातून सुटलेली तेवढीच. मग त्याने मला उचललं आणि बाहेर पायरीवर आणलं. मला ऊन मिळावं म्हणून नव्हे. उजेडाशिवाय तो काम करत नसे.

ऊन अंगावर पडलं तसं माझं अंग पानापानातून सैल झालं. म्हाताऱ्याने कुंडीच्या गळ्याभोवती कापड बांधलं, मागे गाठ मारली. पण त्याआधी त्याने कुंडीतला तो केसांचा थर दोन बोटांनी उचलला, नाक वाकडं केलं आणि बाहेर टाकला. “दुसऱ्याचे केस मानेवर घेऊन कुणी बसतं का,” असं काहीतरी पुटपुटला. मग विचारलं, “बारीक करू का मध्यम?”

मी काय सांगणार? पण मी त्याच्या हाताकडे बघत होतो. मांडीवर तो हलतच होता, कुंडी उचलतानाही हलत होता. कात्रीच्या कडीत अंगठा गेला आणि हात थांबला. हळूहळू नव्हे, एकदम. पहिली काळी बोंडं त्याने जिथे देठ फुटतो तिथून उचलली. काप स्वच्छ होता. साल कुठे फाटली नाही, देठ कुठे चेंगरला नाही. त्या दुपारी त्याने सत्तावीस काप घेतले आणि त्यांतला एकही चुकला नाही. मी मोजणारच. माझं अंग होतं ते.

शेवटी त्याने मानेवरच्या ब्रशने माझ्या खोडावरचा कचरा झटकला, मला आत नेऊन होतो तिथे ठेवलं, कात्री पुसून कपाटात खाली ठेवली, आणि बाकावर बसला. बसल्याबरोबर हात थरथरायला लागला.

हे मग रोज झालं. रोज तासभर ऊन, सुकलेलं फूल काढणं, शेंडे थोडे थोडे खुडणं. शेंडा खुडला की मी बाजूने फुटतो, तेही त्याला माहीत नव्हतं. त्याला गोलाई हवी होती. सगळी बरोबर कामं त्याने चुकीच्या कारणांसाठी केली, आणि मी सुधारलो. नवी फुलं आली, पिवळीजर्द.

मुलीने ती पाहिली आणि गिऱ्हाइकांना सांगायला लागली, “केसांच्या खताचा गुण.” बाकावरच्या म्हाताऱ्याने वर्तमानपत्राचं पान उलटलं. मला मात्र तेव्हा वाटलं की फुलं आतल्या आत दाबून ठेवता आली असती तर बरं झालं असतं.

एकदा संध्याकाळी दुकान आवरताना त्याने विषय काढला. मुलगी कंगवे धूत होती.

“एक डोकं दे मला,” तो म्हणाला. “एकच. हेडमास्तरांचं दे. जुनं गिऱ्हाईक आहे, ते काही बोलणार नाहीत.”

“बाबा, नको.”

“माझा हात काम करताना थरथरत नाही.”

“तुम्हाला वाटतं तसं.” तिने कंगवे आपटले नाहीत, हळूच ठेवले. “तुम्ही बाकावर बसलेले असता ना, तेव्हा लोक आरशातून काय बघतात ते मला दिसतं. विमावाल्याच्या वेळी पंधरा दिवस मी रिकाम्या खुर्च्या पुसल्यात. परत नाही मला ते बघायचं.”

“त्याने डोकं हलवलं होतं.”

“असेल. पण लोकांना हात दिसतो, बाबा.”

 एवढ्या दुकानात एकच साक्षीदार होता, आणि तो कुंडीत होता. माणसांनी झाडांना बोलायला शिकवलं नाही, याचा मला फारसा खेद नाही. त्या संध्याकाळी तेवढा झाला.

वर्ष गेलं. माझ्यासारखी झुडपं वयाबरोबर वर जातात आणि खालून उघडी पडतात. वर हिरवा झुबका आणि खाली नुसती करडी लाकडं. शिवाय तासाभराच्या उन्हावर मी तरी किती तग धरणार? एका सकाळी हेडमास्तर मुलीच्या खुर्चीत होते, विमावाला बाकावर म्हाताऱ्याशेजारी वाट बघत होता. मुलीचं माझ्याकडे लक्ष गेलं.

“हे आता खालून पारच उघडं पडलं,” ती म्हणाली. “टाकून देते आणि प्लॅस्टिकचं आणते. त्याला काही करावंच लागत नाही.”

तिचं म्हणणं मला पहिल्यांदाच पटलं. हे दुकान आणि प्लॅस्टिक एकमेकांना चांगले शोभले असते.

म्हातारा उठला. “थांब. मी करतो त्याला सरळ. माझी कात्री दे.”

“बाबा.”

“झाडाला कान नसतात,” म्हातारा म्हणाला. विमावाल्याने खाली वर्तमानपत्रात बघितलं. झाडाला कान नसतील तर मी हे सगळं कशाने ऐकलं, ते म्हाताऱ्यानेच सांगावं. पण ते असो. मुलीने खिशातून किल्ली काढून ड्रॉवर उघडला. कात्री देताना ती म्हणाली, “झाडापुरती.”

त्याने मला पायरीवर नेलं. कापड बांधलं. कात्री हवेत दोनदा वाजवली, धार आहे का बघावं तशी. आणि सुरू केलं.

मी म्हणालो होतो की दुपारच्या वेळी त्याचा हात सुरेख चालायचा. त्या सकाळी तो त्याहून सुरेख चालला. कंगव्याशिवाय त्याने सगळीकडून एकसारखी उंची धरली. रस्त्यावरून जाणारी दोन माणसं थांबली. आत हेडमास्तरांच्या मानेवर मुलगी मशीन फिरवत होती आणि आरशातून बाहेर बघत होती. सलूनवाले सरळ बघत नाहीत, आरशातूनच बघतात. तिने मशीन बंद केलं. हेडमास्तरांची अर्धी मान तशीच राहिली. ती आरशात फक्त एक गोष्ट बघत होती. तो हात.

इथे म्हाताऱ्याने थांबायला हवं होतं. हिरवं जिथे संपतं, तिथे. मी जेवढं ताठरता येईल तेवढं ताठरलो. पण वर्षभरात पहिल्यांदा त्याला कुणी बघत होतं, आणि बघणारे असले की माणूस थांबत नाही.

“मुळापासूनच घेतो,” तो रस्त्यावरच्या दोघांना म्हणाला. “एकदा पूर्ण उतरवले की दाट येतात. किती पोरांची डोकी केली मी.”

आणि तो खाली गेला. करड्या, उघड्या लाकडात. नर्सरीवालीने जिथे कात्री लावू नका सांगितलं होतं, बरोब्बर तिथे. झाड म्हणजे डोकं नव्हे, हे चाळीस वर्षं डोकी केलेल्या माणसाला कोण समजावणार? एकेक काप काचेसारखा स्वच्छ होता. मला मारत होता तो, आणि फार सुंदर मारत होता.

संपलं तेव्हा मी सात-आठ खुंटांचा एक गठ्ठा उरलो होतो. सगळे खुंट एका उंचीचे.

मुलीने हेडमास्तरांची उरलेली मान पूर्ण केली, आरसा दाखवला, त्यांनी मान हलवली. मग तिने पहिली खुर्ची पुसली. वर्षभर त्या खुर्चीत कुणी बसलं नव्हतं. ती स्वतः त्यात बसली आणि केसांचा चाप काढला.

“खालून दोन बोटं कापा, बाबा,” ती म्हणाली. “तुम्ही कात्री ठेवल्यापासून मी कुणाला हात लावू दिला नाही.”

म्हातारा मागे येऊन उभा राहिला. त्याचा उजवा हात खुर्चीच्या पाठीवर होता आणि थरथरत होता. आरशात ते तिला दिसत होतं, बाकावरच्या विमावाल्यालाही दिसत होतं. तिने डोळे मिटले नाहीत. त्याने कंगवा घेतला, कात्री घेतली, आणि हात थांबला.

दोन बोटं म्हणजे दोन बोटंच कापली त्याने. मुलगी रडली, पण मान हलू दिली नाही. विमावाला वर्तमानपत्राचं एकच पान धरून बसला होता. बाहेर पायरीवर मी मरायला टेकलो होतो आणि माझ्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. माणसांच्या आनंदाचं असंच असतं, त्यात कुणाचं काय गेलं हे कुणी वळून बघत नाही.

एवढं मात्र झालं की माझे झाडलेले शेंडे कचऱ्यात टाकताना मुलगी थबकली. तिला ती एकुलती एक सूचना आठवली. तिने दाढीच्या साबणाचे कान तुटलेले सहा जुने मग काढले, पलीकडच्या बांधकामावरून वाळू आणली, आणि माझ्या सहा काड्या खोचल्या. कामाच्या गर्दीत ती त्यांना विसरली. त्यामुळे चार लागल्या.

म्हातारा आता रोज सकाळी पहिल्या खुर्चीमागे असतो. हेडमास्तर त्याच्याकडेच बसतात. सगळे परत आलेले नाहीत. विमावाला अजून मुलीच्याच खुर्चीत बसतो, आणि आपली पाळी येईपर्यंत म्हाताऱ्याच्या हाताकडे बघत राहतो. एक जरी चूक झाली तरी रस्त्याची दोन्ही टोकं गाठायला त्याचे पाय तयारच आहेत.

मी पायरीवर, भिंतीला पाठ लावून. दीड महिना गेला, एका खुंटावर साधा डोळाही फुटला नाही. म्हातारा रोज ब्रशने मला झटकायचा आणि दाट कधी येतील म्हणून वाकून बघायचा. शेवटी मुलगी नर्सरीत जाऊन विचारून आली.

“जुन्या लाकडातून ते परत फुटत नाही म्हणे, बाबा,” ती म्हणाली. “मला तेव्हाच सांगितलं होतं तिने. मी फोनवर होते.”

त्या दिवशी म्हाताऱ्याचं वर्तमानपत्र नेहमीपेक्षा जास्त फडफडलं.

पण मी एक गोष्ट लपवली होती. भिंतीच्या बाजूला, अगदी खाली, कुंडीच्या काठाला चिकटलेला एक बारका हिरवा शेंडा छाटणीच्या दिवशी कात्रीतून सुटला होता. म्हाताऱ्याला दिसला असता तर त्याने तो उडवलाच असता. एक बट राहिली तर त्याला जेवण गेलं नसतं. म्हणून मी तो गुपचूप वाढवला. बोटभर झाला होता. माझं जे काही होतं ते तेवढंच.

परवा सकाळची गोष्ट. म्हाताऱ्याने हेडमास्तरांचं डोकं पूर्ण केलं, आरसा दाखवला. ते गेल्यावर तो तोच आरसा आणि ब्रश हातात घेऊन बाहेर आला. मला झटकलं. मग कशी कोण जाणे, सवयीने म्हणा, त्याने आरसा माझ्या मागे, भिंत आणि कुंडीच्या मध्ये धरला.

आरशात बट दिसली. राखाडी-हिरवी, पिसासारखी, वर एक कळी धरलेली.

विमावाला तेव्हाच दारात आला होता. त्यालाही ती दिसली. त्याच्या चेहऱ्यावर जे उमललं, तसं माझं एकही फूल कधी उमललं नाही.

“काय काका,” तो मोठ्याने, आत ऐकू जाईल असं म्हणाला. “मागे एक राहिली की.”

म्हाताऱ्याच्या ॲप्रनच्या खिशात कात्री होती. ती बाहेर आली. अंगठा कडीत गेला आणि हात थांबला. पातं माझ्या बटेच्या बुडाशी आलं. एवढ्या जवळून मी त्या हाताकडे पाहिलं. त्यात केसाएवढाही थरकाप नव्हता. आत मुलीने मशीन बंद केलं.

म्हाताऱ्याने कात्री मिटून खिशात ठेवली.

“राहिली खरी,” तो विमावाल्याला म्हणाला. “वय झालं. हात चुकला.”

आणि त्याने मला उचलून पायरीच्या कडेला, जिथे दुपारपर्यंत ऊन हलत नाही, तिथे ठेवलं. भिंतीकडची बाजू रस्त्याकडे करून. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती राहिलेली बट दिसेल अशी.

मी आता तिथेच आहे. शेजारी चार मग आहेत. ती पोरं अजून लहान आहेत, माणसांकडे बघून हसतात.

माणसांबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. ती पाणी जास्त घालतात, ऐकत कमी, आणि जे कापू नये नेमकं तेच मन लावून कापतात. यातून एकाला वगळावं लागलं, याचा मला अजून त्रास होतो. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी आलं, तर त्याला उन्हात ठेवा आणि तुम्ही बाजूला व्हा. चहा स्वतः संपवा.

आणि या रस्त्याने कधी गेलात, तर विमावाला तुम्हाला गाठून सांगेल की म्हाताऱ्याचा हात गेला, स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय त्याने, विश्वास नसेल तर ती कुंडी बघा. कुंडी जरूर बघा. तो हात माझ्या गळ्याशी होता तेव्हा एवढ्या जवळ दुसरं कुणी नव्हतं. तो चुकला नव्हता. एवढं सांगायलाच मी तोंड उघडलं.